फाटकाशी आई

९ जानेवारी

प्रिय बारक्या,

फोनवर तू ‘हं’, ‘बघू’ आणि ‘कळवतो’ एवढ्यावर भागवतोस, म्हणून शेवटी कागद काढला. हॉस्टेलवर होतास तेव्हा पानंच्या पानं खरडायचास. आता लिहिणं हाच धंदा झाला, तर बहिणीच्या वाट्याला तीन शब्द!

बातमी अशी, की आमच्या लॅबसमोरच्या भिंतीवर तुझा चित्रपट लागलाय. म्हणजे पोस्टर. सकाळी कुलूप उघडायला गेले तर समोर फाटक! आपलं फाटक, पुस्तकातलं. तेच गंजलेलं, एका बिजागरीवर लटकणारं. मी किल्ली हातात धरून वेड्यासारखी उभी राहिले. पार खाली, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत ‘पटकथा’ आणि पुढे तुझं नाव. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच होतं.

दिवसभर कामात कसलं लक्ष लागतंय! एका आजोबांच्या कवळीसाठी मेणात दात बसवत होते, तर डावीकडचा सुळा उजवीकडे बसवला. मालक म्हणाले, “बाई, आजोबांनी हसायचं कसं?” मी म्हटलं, “आज माफ करा, माझ्या भावाचा चित्रपट येतोय.” झालं, सगळ्या लॅबला कळलं. कवळ्या घासून चकचकीत करते ती आमची पॉलिशवाली तर लगेच म्हणाली, की पहिल्याच रविवारी सगळ्यांनी मिळून जायचं. तिने विचारलं, “ते मंगा म्हणतात तसल्या जपानी चित्रांच्या पुस्तकावरून काढलाय ना? तुम्ही वाचलंय?” मी किती तोऱ्यात सांगितलं म्हणून सांगू! “वाचलंय काय, आमच्या घरी अस्सल जपानी प्रत आहे, आणि अक्षर न कळता पाठ आहे!”

आठवतं ना तुला? आई घर सोडून गेली त्याच्या पुढच्याच आठवड्यात बाबांनी ते पार्सल टपाल कचेरीतून आणलं होतं. पत्ता पुसलेला, मालक सापडेना, कव्हरं दोन्हीकडची गळालेली. तू सात वर्षांचा आणि मी बारा. अक्षर एक कळत नव्हतं, म्हणून चित्रं बघून मीच गोष्ट रचून सांगायचे. आईचा आवाज वेगळा, मुलाचा वेगळा, बसवाल्याचा घोगरा. फाटकाशी आई उभी असते ते पान आलं की तू माझा हात धरायचास, “थांब, लगेच उलटू नकोस.” हातात बॅग, तोंड घराकडे, केसांवर बर्फ. मग ती आत येते, बॅग उघडून कपडे कपाटात लावते, इस्त्री करायला बसते, आणि अगदी शेवटी सगळे टेबलाशी. त्यानंतर तू निमूट झोपायचास. मीही.

मी येणार ती त्या एका चित्रासाठी. पडद्यावर फाटकाशी आई कशी दाखवलीय रे? अरे, नको सांगूस, मीच बघेन.

दुकानात आता आपल्या भाषेतली नवी आवृत्ती आलीय म्हणे. मी घेतली नाही. आपलं आहे ना. आणि हो, ते घेऊन तुला दोन वर्षं होत आली. काम झालं असेल तर पाठव. मागच्या बाजूची पानं मी पिठाच्या खळीने चिकटवलीत, तिकडून उघडू नकोस. हे तुला लहानपणापासून सांगतेय.

तुझ्या पहिल्या खेळाला येऊ ना? साडी काढून ठेवलीय.

तुझी,
ताई


२० जानेवारी

प्रिय ताई,

पत्र मिळालं. आजोबांच्या सुळ्यावरून इतका हसलो की शेजारच्या खोलीतला एडिटर डोकावून गेला.

पहिल्या खेळाचं मात्र राहू दे. तिथे नुसती गर्दी असते. फोटोवाले, निर्मात्याचे पाहुणे, आणि मला कुणाकुणाशी गोड बोलत फिरावं लागणार. तू एका कोपऱ्यात उभी राहशील आणि मला वाईट वाटेल. तू तुझ्या गावातच बघ, निवांत. खरं सांगायचं तर एवढी घाई करून बघायलाच हवा असंही नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पुस्तक वेगळं आणि पडदा वेगळा. त्या पुस्तकात माणसं जवळजवळ बोलतच नाहीत. सहा-सहा पानं नुसता बर्फ पडतो, मुलगी भांडी घासते, मुलगा चादर ओली करतो. कागदावर वाचणारा आपल्या सोयीने थांबतो, पान चाळतो, पुन्हा मागे जातो. थिएटरात तसं नाही. दहा मिनिटं कुणी बोललं नाही तर लोक खिशातून फोन काढतात. दिग्दर्शक पहिल्याच बैठकीत म्हणाला, “चित्रं सुंदर आहेत, पण यात भांडण कुठाय?” म्हणून काही बदल करावे लागले. मुलीचं काम वाढवलंय. मूळ पुस्तकात ती नुसती असते. आमच्याकडे ती काहीतरी करते.

तू बघशील तेव्हा तो चित्रपट म्हणूनच बघ. आपल्या घराशी जुळवत बसू नकोस.

पुस्तक अजून दिग्दर्शकाच्या टेबलावर आहे. सोडवून पाठवतो. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
बारक्या


१८ फेब्रुवारी

बारक्या,

पहिल्याच रविवारी बघून आलो. लॅबमधले सगळे होते आणि तुझे भाऊजी. मधे इतके दिवस गेले, कारण चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा कागद फाडला.

आधी चांगलं ते सांगते. फाटकाचा आवाज. पुस्तकात तो ऐकू येत नाही, पण मी तुला तोंडाने काढून दाखवायचे, ‘कर्रर्र’ असा, अगदी तोच. तो ऐकला आणि अंगावर काटा आला. मनात म्हटलं, विसरला नाही माझा भाऊ. इस्त्रीची वाफ, खिडकीवरचा बर्फ, मुलाच्या स्वेटरचं उसवलेलं कोपर, सगळं चित्रातल्यासारखं. पहिला अर्धा तास मी पॉलिशवालीचा हात दाबून धरला होता.

मग ते दार लागलं.

काकू मुलीला आतल्या खोलीत नेते आणि दार लावून घेते. आपल्याला फक्त तिचा आवाज ऐकू येतो, “तुझी आई आता यायची नाही. धाकट्याला सांगू नकोस.” मुलगी तोंड धुऊन बाहेर येते, मुलगा विचारतो, आणि ती हसून सांगते, “येईल. दिवे लागेपर्यंत येईल.” पुढे अख्खा चित्रपट ती हेच सांगत राहते. रोज. त्याला खिडकीशी बसवून ठेवते, खेळायला जाऊ देत नाही, आईच्या नावाने धाक दाखवून कामं करून घेते. तो मोठा होतो, त्याला खरं कळतं, आणि शेवटी तो एकटा फाटकातून निघून जातो. ती आत खुर्चीत बसलेली, म्हातारी झालेली, आणि तोंडात तेच, “येईल.”

“येईल, दिवे लागेपर्यंत येईल.” हे वाक्य कुणाचं आहे रे? तुझ्या दिग्दर्शकाचं? ओढणीचं टोक चावत विचार करायची सवय कुणाची? आणि तिच्या अंगातला तो हिरवा स्वेटर? चित्रात तर सगळं काळं-पांढरं होतं.

आमच्या मागच्या रांगेत एक बाई चक्क म्हणाली, “काय कैदाशीण आहे!” पॉलिशवालीला काही ठाऊक नाही, ती बाहेर येताना म्हणाली, “असली बहीण वैऱ्यालाही नको, नाही का हो?” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तुझ्या भाऊजींनी नुसतं माझ्याकडे बघितलं. त्यांनी माझा तो स्वेटर पेटीत पाहिलाय.

माझं जाऊ दे. मला म्हणायचंय ते पुस्तकाबद्दल. माझ्यावर राग होता तर मला शिव्या द्यायच्या होत्यास. त्या पुस्तकाने तुझं काय घोडं मारलं होतं? त्यात मुलगी खोटं बोलत नाही, कारण आई खरंच येते. फाटकाशी उभी राहते, आत येते, कपडे लावते. सगळे टेबलाशी बसतात. तुम्ही तिला सुरुवातीलाच घालवलंत आणि परत आणलीच नाहीत. ज्याने ते काढलं त्या माणसाने इतक्या मायेने शेवटी आईला घरी आणलं, आणि तू एका फटक्यात ते पुसून टाकलंस.

पेपरात आलंय, की मूळ पुस्तक वाचलेले लोक चिडलेत. बरं झालं चिडले. निदान कुणाला तरी आठवतंय.

पुस्तक परत पाठव. ते तुझ्याकडे ठेवण्याची तुझी लायकी नाही.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. माफी मागणारं पत्र लिहायला बसलो होतो. तुझ्या शेवटच्या परिच्छेदापर्यंत मागणारही होतो.

पण आता पुरे कर ना ताई. मी सात वर्षांचा नाही.

आई येते? जपानी पुस्तक आपल्या उजवीकडून वाचतात. आपल्याला जे शेवटचं पान वाटतं, ते त्यांचं पहिलं. टेबलाशी सगळे बसतात ती सुरुवात आहे. मग आई इस्त्री करते, कपाटातले कपडे काढून बॅगेत भरते, फाटकाशी जाते, एकदा मागे वळून घराकडे बघते, बसमधे बसते, बस लहान होत जाते. त्यापुढे दोघं एकटी. बस्स. ती येत नाही. त्या माणसाने तिला मायेने घरी आणलेलं नाही, तिला जाऊ दिलंय. जगाला हे ठाऊक आहे, आणि तुला ठाऊक नाही?

मला कळलं तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानात तसलंच एक दुसरं पुस्तक चाळत होतो, तर दुकानदाराने हातातून घेऊन उलटं करून दिलं. म्हणाला, “अरे राजा, हे इकडून सुरू होतं.” मी घरी पळत आलो. तू कॉलेजात होतीस. आपलं पुस्तक काढलं आणि तिकडून उघडलं. पानं चिकटवलेली. तेव्हा लख्ख कळलं, की तू मला त्या बाजूने का उघडू देत नव्हतीस. “उलटं उघडशील तर फाडशील,” म्हणून किती वेळा हातावर चापटी मारलीस! तू त्या टोकावर दोरा बांधून ठेवला होतास, ताई.

आणि आत्याने तुला आत नेऊन दार लावलं, तो दिवस मी विसरलेलो नाही. तू रडत बाहेर आलीस. तोंड धुतलंस. मी विचारलं, “आई येणार?” तू म्हणालीस, “येईल.” आत तुला सगळं सांगितलं गेलं होतं, नाही का? त्यानंतर चार वर्षं मी रोज संध्याकाळी खिडकीत बसलो. मुलं खाली खेळायची आणि मी बसायचो, कारण माझ्या ताईने सांगितलं होतं. आईने एकदा फसवलं. तू रोज फसवलंस.

मी तुला कधी बोललो नाही, कारण तू मला वाढवलंस. पण ते कुठेतरी बाहेर येणारच होतं. मला लिहिता येतं, म्हणून तिथे आलं.

बारक्या


३ मार्च

बारक्या,

तुझं पत्र लॅबच्या पत्त्यावर का पाठवलंस कळलं नाही. मी ते मेण वितळवायच्या शेगडीपाशी उभ्या उभ्या वाचलं आणि मला खाली बसावं लागलं. मालकांना वाटलं, चक्कर आली. पाणी दिलं, पंखा लावला. मी त्यांना विचारलं, “जपानी पुस्तक कुठल्या बाजूने वाचतात?” त्यांनाही ठाऊक नव्हतं. पॉलिशवालीला होतं. तिने नवी आवृत्ती घेतलीय, त्यात पहिल्याच पानावर तसं छापलंय म्हणे, बाण काढून.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

ऐक. मला नव्हतं ठाऊक, बारक्या. परवापर्यंत नव्हतं. मी त्यानंतर तसलं दुसरं पुस्तक कधी हातात धरलं नाही. कशाला धरणार? मी शाळा झाली की भांडी घासायचे, कॉलेज झालं की दातांच्या लॅबमधे बसायचे. मला एकच पुस्तक पुरलं. तुला झोपवून झालं, की मी ते पुन्हा एकदा वाचायचे, माझ्यासाठी. त्या रविवारी थिएटरात बसले तेव्हाही मनात शेवटपर्यंत तेच, की आता येईल, आता फाटक वाजेल.

त्या टोकाला दोरा बांधला होता, कारण पुस्तकाची शिवण तिथे तुटली होती. खळ वाळायच्या आत तू ते उघडायचास आणि पानं सुटायची. तुझा आवडता भाग तोच होता. कपडे लावते ते, इस्त्री करते ते. तुझ्याचसाठी जपत होते.

आता दाराचं. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि तुला तर नक्कीच सांगणार नव्हते.

आत्याने मला आत घेऊन दार लावलं, बरोबर. मी रडत बाहेर आले, बरोबर. मधलं मात्र तू तुझ्या मनाने लिहिलंस. बारक्या, मला त्या दिवशी पहिल्यांदा पाळी आली होती. शाळेच्या स्कर्टवर डाग पडला होता आणि मला वाटलं, मला काहीतरी भयंकर झालंय, मी मरणार. आत्या बिचारी स्वतःच लाजेने अर्धी झालेली. कापड कसं घ्यायचं, कसं धुवायचं, कुठे वाळत घालायचं, हे भिंतीकडे बघत सांगत होती. मी एकच धोशा लावला होता, “आईला बोलवा, आधी आईला बोलवा.” आत्या म्हणाली, “येईल हं बाळ, येईल ती.” मग मी तोंड धुतलं आणि दार उघडलं. तू दारातच उभा होतास. तू विचारलंस आणि मी नुकतंच ऐकलेलं तुला सांगितलं. तुला म्हणून वेगळं काही बनवलं नव्हतं.

त्या दिवशी मला आई जितकी हवी होती, तितकी जन्मात पुन्हा हवी वाटली नाही. आणि माझा भाऊ तो दिवस उचलतो, त्यात काकूच्या तोंडी भलतंच घालतो, आणि तिकीट लावून लोकांना दाखवतो. लोक मला कैदाशीण म्हणतात, आणि मी मान हलवते.

तू खिडकीत बसायचास, हे खरं. तुझ्या मागे मी उभी असायचे, हे तू लिहिलं नाहीस. तुला मागचं कसं दिसणार म्हणा!

आईने फसवलं तेव्हा मला सावरायला काम होतं, तू होतास. आता तू फसवलंस, तर मी कुठे जाऊ?

पुस्तक पाठव.

ताई


२९ मार्च

ताई,

उत्तराला इतके दिवस लागले. तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. एका बैठकीत दिग्दर्शक नव्या चित्रपटाबद्दल बोलत होता आणि मी मधेच उठून बाहेर आलो.

पुस्तक सोबत पाठवतोय. पाठवण्याआधी ते टोक नीट पाहिलं. शिवण खरंच तुटलेली आहे. खळीत तुझ्या बोटांचे ठसे वाळलेत, लहान लहान. दोन वर्षं ते पुस्तक माझ्या टेबलावर आणि दिग्दर्शकाच्या टेबलावर होतं, प्रत्येक चौकट मी मोजून घेतली, चित्रपटात बसते की नाही ते पाहिलं, आणि हे ठसे मला दिसले नाहीत. तेरा वर्षांचा असताना जे ठरवलं, तेच बघत राहिलो. तुला एकदा विचारलं असतं तर! एका वाक्याचं काम होतं. पण मला वाटायचं, विचारलं तर तू खोटं बोलशील. आणि खरं सांगतो, विचारलं असतं तर माझ्याकडे लिहायला काही उरलं नसतं, हीही एक भीती होती.

अजून एक गोष्ट कळवायला हवी. वर्तमानपत्रातून कळण्याआधी मीच सांगतो. त्या दाराच्या प्रसंगासाठी मला बक्षीस मिळतंय. पटकथेचं. परीक्षकांनी लिहिलंय, की मूळ पुस्तकाने जिथे मौन पाळलं तिथे चित्रपटाने धैर्याने दार उघडलं.

मी ते नाकारू का? तू म्हणशील तसं करतो. मुलाखतीत जाहीर सांगतो, की ती मुलगी खोटं बोलत नव्हती, माझा समज चुकीचा होता. मी तुझ्याकडे येऊ का? दोन दिवस. काही बोलणार नाही, नुसता बसेन.

तुझा,
बारक्या


१० एप्रिल

प्रिय बारक्या,

पार्सल पोचलं. चांगलं बांधलं होतंस, कोपरे दुमडले नाहीत.

रविवारी दुपारी हे बाहेर गेले होते, तेव्हा टेबल पुसलं, चष्मा पुसला, आणि पुस्तक उजवीकडून उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा. हात सारखा चुकत होता, पान उलट्या बाजूला जात होतं. लॅबमधे नवीन मुलींना साचा धरायला शिकवते तसं स्वतःला शिकवावं लागलं.

पहिल्याच पानावर सगळे टेबलाशी. मी थबकले. आपण इथे पोचलो की पुस्तक मिटायचो, आणि हे लोक इथून निघतात. मग इस्त्री. मग कपाट. ती कपडे काढत होती, मी इतकी वर्षं ते लावताना बघत आले. मग फाटक. तेच चित्र, तीच बॅग, केसांवर तोच बर्फ. तोंड घराकडे. काही बदललं नव्हतं, फक्त ती येत नव्हती. मी तिथे बराच वेळ थांबले. मला थांब म्हणायला तू नव्हतास.

नंतरची पानं वाचायची हिंमत होत नव्हती, पण वाचली. आणि मग शेवटचं पान आलं. म्हणजे आपलं पहिलं. आपण ते कधी नीट बघितलंच नाही रे. गोष्ट सुरू करायची घाई असायची. खिडकीशी मुलगा बहिणीच्या मांडीवर झोपलाय. तिने एक हात त्याच्या डोक्यावर ठेवलाय. ती जागी आहे आणि बाहेर बघतेय. बाहेर काही नाही, रस्ता आणि बर्फ. ती काही बोलत नाही, त्या चौकटीत एक अक्षर नाही. त्या माणसाने अख्खी गोष्ट तिथे आणून ठेवलीय, त्या दोघांपाशी. आई गेली, आणि ही दोघं उरली, एवढंच त्याला सांगायचं होतं.

तुझ्या चित्रपटात सगळं आहे. बस आहे, बर्फ आहे, वाफ आहे. हे एक चित्र नाही. तुला पुस्तक कुठून सुरू होतं ते कळलं, मला कळलं नाही, हे कबूल. पण तू ते शेवटपर्यंत वाचलं नाहीस. शेवटच्या पानावर तू झोपलेला होतास, म्हणून दिसलं नसेल.

बक्षीस नाकारू नकोस. काम चांगलं झालंय. दार लागतं तो आवाज इतका खरा आहे, की माझ्या छातीत धस्स झालं होतं. आणि मुलाखतीत काही सांगायला जाऊ नकोस. ती मुलगी खोटं बोलत नव्हती हे पटवून द्यायला माझी पाळी जगाला सांगणार आहेस का? जे पसरलंय ते पसरू दे. पॉलिशवालीला मी खरं सांगितलं, तिने दोन दिवस माझ्याशी नजर मिळवली नाही, मग एक दिवस न बोलता माझ्या वाटणीच्या कवळ्या घासून ठेवल्या.

तू विचारलंस, येऊ का. राग गेलाय असं लिहिलं तर खोटं होईल, आणि खोटं बोलणारी म्हणून माझी आधीच बरीच कीर्ती झालीय. मी तुला वाढवलं, तुझी ओली चादर धुतली, तुझ्यासाठी पानं चिकटवली, आणि त्या सगळ्यातून तू एवढंच उचललंस, की मी दोरा बांधला होता. हे मला अजून गिळता येत नाही. कधी येईल की नाही, सांगता येत नाही.

तुझी खोली आहे तशी आहे. यायचं तर ये. पण कधी येतोस ते कळवू नकोस. कळवलंस की मी खिडकीशी जाऊन उभी राहीन, माझा स्वभावच तो, आणि मला आता कुणाचीही वाट बघायची नाही.

पुस्तक माझ्याकडे राहील.

तुझी,
ताई